निकेरीची धनराजी कन्यादानाला बसते

धनराजीला कुणी मूळ गाव विचारलं की ती एका शब्दात उत्तर देते, आणि विचारणारा हमखास गोंधळात पडतो. पुण्याहून आलेले मनोहरराव तसेच पडले. हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या तिच्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची बायको मीनल नव्या सोयरिकीची ओळख करून घ्यायला बसले होते. त्यांचा मुलगा ईशान आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर. त्याचं लग्न धनराजीच्या नातीशी, अवनीशी, ठरलं होतं. चहा झाला, हवेबद्दल बोलून झालं, आणि मनोहररावांनी मराठी माणसाचा ठेवणीतला प्रश्न बाहेर काढला. हिंदीतून, अर्थात.

“निकेरी,” धनराजी म्हणाली.

“हे यूपीत कुठं आलं? बलियाच्या बाजूला?”

“यूपीत नाही. सुरीनाममध्ये.”

“हो हो, ते झालंच. पण मूळचं?”

“मूळचंच सांगतेय.”

मनोहरराव हसले. माणूस वाईट नव्हता. जगातल्या प्रत्येक हिंदूचं एक गाव भारतात असतंच आणि विसरलेल्याला त्याची आठवण करून देणं हे पुण्यकर्म आहे, अशी त्यांची साधी समजूत होती. धनराजीला एवढंच ठाऊक होतं, की तिचा आजा कलकत्त्याला जहाजात चढला, सुरीनामच्या उसाच्या मळ्यावर कराराने राबला आणि तिथेच राहिला. त्याच्या आधीचं गाव कोणतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. ज्या गावाला आपल्या माणसाला दोन वेळा जेवू घालता आलं नाही, त्या गावाचं नाव पाठ करायची तिला हौस नव्हती.

मग मीनलने लग्नाचं काढलं. हॉल ठरला होता, गुरुजी ठरले होते. “आणि कन्यादानाला आमचे श्यामकांत आणि सुनेत्रा बसतील,” ती म्हणाली. “आइंडहोवनलाच असतात, ईशानचे लांबचे काका-काकू. हौशी आहेत फार. म्हणजे तुम्हाला काही दगदग नको.”

“ते कशाला?” धनराजी म्हणाली. “मी आहे ना.”

मीनलने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीबाहेरच्या ट्रामकडे पाहिलं.

“तसं नाही हो आजी. शास्त्रात जोडप्यानं बसायचं असतं, म्हणून.”

‘विधवा’ हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. पुण्यातली शिकलेली बाई तो सहसा काढतच नाही. तो न काढता समोरच्या बाईला पाटावरून उठवायची कला मात्र तिला चांगली येते. धनराजीला ती कला ओळखू आली, कारण तिने ती आधीही पाहिली होती, दुसऱ्या खंडात.

“हम बैठब,” ती म्हणाली.

ही तिची भाषा, सरनामी. भोजपुरी आणि अवधीची सुरीनामला गेलेली लेक. हिंदी समजून ऐकली तर मराठी माणसाला निम्मी कळते. हे दोन शब्द मात्र मनोहररावांना आणि मीनलला पुरते कळले, आणि चहाचे कप लवकर उचलले गेले.

आता ही बाई इतकी हट्टी का, हे कळायचं तर निकेरी कळायला हवी.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, सुरीनामच्या अगदी पश्चिम टोकाला हे शहर आहे. शहर म्हणायचं ते त्या देशाच्या मानाने. आपल्याकडे तालुक्याचं गाव म्हणून खपून गेलं असतं. पश्चिमेला कोरंटाइन नदी. समुद्राला मिळता मिळता ती एवढी पसरते, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती करडी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे दुसरा देश, गयाना. पूर्वी अलीकडे डचांचं राज्य होतं, पलीकडे इंग्रजांचं. नदी नेमकी कुणाची, ही दोन देशांची कुरबुर अजून मिटलेली नाही. निकेरीच्या माणसांनी ती आपल्यापुरती केव्हाच मिटवली होती. मासे दोघांचे, मावश्या दोघांच्या. पलीकडचं कापड अलीकडे येई, अलीकडचा तांदूळ पलीकडे जाई, आणि कुठल्या बोटीत काय आहे हे दोन्हीकडच्या पोलिसांना माहीत असे. त्यांच्याही मावश्या होत्याच.

पहिलं गाव तिथे नव्हतंच मुळी. ते होतं पुढे, समुद्राच्या तोंडाशी, आणि त्याचं नाव होतं नवं रॉटरडॅम. समुद्राने त्या नावाचा काही मुलाहिजा ठेवला नाही. एकेक गल्ली करत त्याने अख्खं गाव गिळलं. लोकांनी सामान उचललं, मागे सरकले, पुन्हा घरं बांधली आणि पुढे मातीचा बांध घातला. मळ्यावरचे करार संपलेल्या हिंदुस्थानी कुटुंबांना जवळपासच्या दलदलीच्या जमिनी मिळाल्या. त्यांनी कालवे खणले, पाणी काढलं आणि भात लावला. पुढे सगळा देश निकेरीचा तांदूळ खाऊ लागला. मागे सरकायचं पण जायचं नाही, हा त्या गावाचा धर्म. धनराजी त्यात मुरलेली.

तिचा बाप मासे घेऊन पलीकडच्या काठाला जायचा. एकदा बोट परत आली आणि बाप आला नाही. आई गिरणीत तांदूळ पाखडायला जाऊ लागली. धनराजी अठरा-एकोणीस वर्षांची झाली तेव्हा पलीकडून स्थळ आलं. हरिलाल नावाचा सुतार, हसतमुख, सिगरेट ओढणारा. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड बोटीने आलं. बरोबर त्यांचा पंडित. त्याने मंडपात पाटावर बसलेली धनराजीची आई पाहिली आणि तो थबकला. मुलीचा चुलता बसेल, म्हणाला.

“मग चुलत्याचीच मुलगी घेऊन जा,” आई म्हणाली. “ही मी पोसली, देणार मीच.”

वऱ्हाड बिथरलं. आम्ही परत जातो, म्हणाले. आता, कोरंटाइनला भरती-ओहोटी असते. ओहोटी लागली की धक्क्यापासून लांबवर गुडघाभर चिखल उघडा पडतो, आणि त्यात रुतलेली बोट पुढच्या भरतीपर्यंत ढिम्म हलत नाही. आईने आवाज चढवला नाही. “पाणी उतरायला लागलंय,” ती म्हणाली. “जायचं तर आत्ता निघा. राहायचं तर माझ्या हातून मुलगी घ्या.” वऱ्हाडातल्या थोरांनी नदीकडे पाहिलं, मग चुलीवरच्या कढयांकडे पाहिलं. कढयांत बोकड शिजत होता. पंडिताला थोड्याच वेळात शास्त्रात वाट सापडली. शास्त्रात वाटा पुष्कळ असतात, शोधणाऱ्याला घाई असावी लागते.

सुरीनाम स्वतंत्र व्हायच्या आधी देशातली निम्मीशिम्मी माणसं हॉलंडला निघाली, त्यात हरिलाल, धनराजी आणि त्यांचा छोटा मुलगाही होता. विमानातून उतरल्यावर थंडीने तिचे दात वाजायला लागले. पण बाहेर बघते तर काय, बांध, कालवे, सपाट जमीन आणि मधून सायकली. निकेरीच, फक्त कुणीतरी शीतपेटीत ठेवलेली. रायस्वाइकच्या पलीकडे वेस्टलंडमध्ये मैलच्या मैल काचघरं आहेत. तिथे ती टोमॅटो तोडायला लागली. आत निकेरीएवढा उकाडा असायचा. सोबतच्या बायका घामाने हैराण व्हायच्या आणि ही गुणगुणत राहायची.

मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, अवनी झाली. अवनी चार वर्षांची असताना पावसाने निसरड्या झालेल्या महामार्गावर तिचे आई-बाप दोघेही गेले. मुलांच्या देखभालीचं बघणाऱ्या ऑफिसातून एक बाई आली. फार सौम्य बोलली. तुमचं वय, तुमचं दुःख, एखादं चांगलं तरुण कुटुंब, असं काय काय म्हणाली. धनराजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हम पोसब.” त्या डच बाईला सरनामीचं अक्षर कळत नव्हतं, तरी तिने पुढचं बोलणं बंद केलं.

आणि खरंच पोसलं. पन्नाशी उलटल्यावर ती सायकल शिकली, कारण शाळा लांब होती. दोनदा कालव्याच्या कठड्यावर आपटली, तिसऱ्यांदा नाही. इकडे पोरांना लहानपणीच पोहायला शिकवतात, अंगावर कपडे-बूट घालून परीक्षा घेतात. बाप नदीत गमावलेली ही बाई दर वर्गाला तलावाच्या काठावर बसून राही, आणि अवनीचं डोकं पाण्याखाली गेलं की हिचा श्वास थांबे. अवनी अकरा वर्षांची असताना हरिलालही गेला. मग घरात दोघीच राहिल्या. अवनी तिला आजीच म्हणते. सरनामीत बापाच्या आईला आजीच म्हणतात, आणि ईशानला हे कळलं तेव्हा त्याला निम्मं लग्न तिथेच जमल्यासारखं वाटलं होतं.

आता अवनी लायडनला एका प्रयोगशाळेत काम करते. हुशार आहे, मवाळ आहे, आणि भांडण दिसलं की आधी तह करायला धावते. मीनलकाकू आइंडहोवनला परत गेल्यापासून रडतायत, असं ईशानने फोनवर सांगितल्यावर ती आजीसमोर येऊन बसली. असं काही बोलायचं असलं की ती डचमध्ये बोलते.

“आजी, सोडून दे ना. मला कुणी वाढवलं ते मला माहितेय. तिथे कोण बसलं, यानं काय फरक पडतो?”

“फरक पडत नाही, तर मी बसले म्हणून काय बिघडतं?”

“त्यांना वाटतं की बिघडतं. त्यांना भीती वाटते. आणि मला पण. या सगळ्यात लग्नच मोडलं तर?”

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली, भाजी चिरायची विसरून. हरिलाल गेला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं एकटं तिला वाटलं. आपण अडगळ झालो की काय? ज्या पोरीसाठी हे सगळं केलं, तिच्याच वाटेत आपण आडवे पडलो आहोत की काय? एकदा तर तिने फोन उचलला होता, मीनलला सांगायला, की बसवा तुमचे ते हौशी काका-काकू. नंबर लावला नाही. पोरीचं लग्न मोडू द्यायचं नाही आणि पाटही सोडायचा नाही, दोन्ही जमवायचं, असं तिने ठरवलं. बांध घालणाऱ्या गावची बाई ती. पाण्याशी तोंडाने भांडून उपयोग नसतो, चिखलात घट्ट जागा कुठे आहे ते पायाने चाचपून बघावं लागतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती ट्रामने हेगला गेली. लग्न लावणारे गुरुजी, विनायक, तिथल्या एका ऑफिसात सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरचं काम करत. शनिवार-रविवार सोवळं पाठीवरच्या पिशवीत घालून देशभर सत्यनारायण, वास्तुशांत आणि लग्नं. दुपारच्या सुट्टीत ते इमारतीबाहेरच्या बाकावर ब्रेड-चीज खात बसले होते. धनराजी शेजारी जाऊन बसली.

“आजी, माझं काहीच म्हणणं नाही,” ती काही बोलायच्या आत विनायक म्हणाले. “पण मीनलकाकूंनी सांगितलंय, जोडपंच हवं. आणि पद्धत तशीच आहे.”

“जोडपंच हवं?”

“हो.”

“मग ज्या बापाची बायको मेलेली असते, तो मुलगी कशी देतो?”

“तो बसतो की. कमरेला सुपारी लावतो.”

“काय लावतो?”

“सुपारी. ती बायकोच्या जागी. म्हणजे जोडप्यानं बसल्यासारखंच होतं.”

धनराजीला हे नवीन होतं. ती एवढी हसली, की जाणारे-येणारे डच लोक सायकलींवरून वळून बघू लागले. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, “मग मलाही एक सुपारी लावा.”

विनायकचं चावणं थांबलं. “बाईला... तसं कधी ऐकलं नाही आजी.”

“चालत नाही असं लिहिलंय का?”

विनायक प्रामाणिक माणूस. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. “माझ्या पोथीत तरी नाही. ती वेळच कुणावर आली नसेल.”

“आता आली.”

“मला चालेल,” विनायक शेवटी म्हणाले. “पण मीनलकाकूंना तुम्ही सांगायचं. मी नाही.” यज्ञ-याग करणाऱ्या माणसालाही वरमाईची भीती असतेच.

धनराजीने टोकोतून, म्हणजे आपल्याकडच्या वाण्याचं सामान मिळणाऱ्या सुरीनामी दुकानातून, चांगली गोटीबंद सुपारी घेतली. रोट्या केल्या, चवळीच्या लांब शेंगांची भाजी केली, आणि डबा घेऊन आइंडहोवनची गाडी पकडली. ईशान कामावर गेला होता. त्याच्या घरी मनोहरराव फोनवर बातम्या वाचत होते आणि मीनल देण्याघेण्याच्या साड्यांच्या घड्या घालत होती. धनराजीने डबा टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी सुपारी ठेवली आणि विनायकशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“ती पुरुषांसाठी असते,” मीनल म्हणाली.

“का?”

मीनलने घडी घातलेली साडी पुन्हा उलगडली. मनोहररावांनी फोन आणखी जवळ घेतला.

“मी काही जुन्या वळणाची नाही हो आजी,” ती म्हणाली. हे वाक्य माणूस नेहमी जुन्या वळणावर उभं राहूनच म्हणतो. मग मात्र तिचा आवाज बदलला. “खरं सांगू? भीती वाटते मला. एकुलता एक आहे माझा. इतक्या लांब येऊन राहिलाय. सगळं नीट व्हावं, कुठं काही उणं राहू नये, एवढंच आहे हो माझं. बाकी तुमच्याशी माझं काय वैर आहे?”

धनराजी तिच्या समोरच्या खुर्चीत बसली. आता तिच्या मनात राग नव्हता. भीतीशी तिची जुनी ओळख होती.

“माझं कन्यादान माझ्या विधवा आईनं केलं,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं संसार झाला. हरिलाल माझ्याआधी गेला, खरंय. साठी उलटली होती, दमा होता, आणि सिगरेट सुटत नव्हती. त्यात माझ्या आईचा काय दोष?”

मीनलला नको असताना थोडं हसू आलं.

“आणि माझ्या मुलाचं लग्न आम्ही जोडीनं लावलं. सुनेकडचं जोडपंही पूर्ण. पाच सवाष्णींनी ओटी भरली. मुहूर्त दोन पंडितांनी काढला. कुठं तसूभर उणं नव्हतं.” धनराजी साडीच्या एका घडीवरून हात फिरवत होती. “आठ वर्षांत दोघं रस्त्यावर गेले. मी पण शोधत बसले होते मीनल, काय चुकलं, काय राहिलं. काही राहिलं नव्हतं. पाऊस पडत होता, बस.”

मनोहररावांच्या फोनची बत्ती विझली, ती त्यांनी परत लावली नाही.

“मी अडवणार नाही,” मीनल शेवटी म्हणाली. “पण मला ते बघवायचं नाही. तेवढ्या वेळात मी आतल्या खोलीत जाऊन बसेन.”

“बस,” धनराजी म्हणाली. “जेवायला मात्र बाहेर ये.”

लग्न रायस्वाइकच्याच एका हॉलमध्ये झालं. एका बाजूला पुण्याची आणि आइंडहोवनची मंडळी, पैठण्या, नथी, फेटे. दुसऱ्या बाजूला निकेरीची. त्यांच्यातली निम्मी आता हेगची आहेत, तरी स्वतःला निकेरीचीच म्हणवतात. त्यांच्या बायकांचे लेहेंगे मराठी डोळ्यांना जरा जास्तच चमकणारे, आणि त्यांचा आवाज मराठी कानांना जरा जास्तच मोकळा. मधल्या रांगेत अवनीच्या प्रयोगशाळेतले डच मित्र, हातात अक्षता घट्ट धरून, त्या नेमक्या कधी फेकायच्या या काळजीत. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला. माळा पडल्या. मीनलने मुलावरून डोळे भरून नजर फिरवली आणि ठरल्याप्रमाणे ती आतल्या खोलीत निघून गेली.

विनायकनी खुर्ची पुढे केली. “आजी, गुडघे दुखतील.”

“पाट,” धनराजी म्हणाली. बसताना तिचे गुडघे दुखलेच, पण तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सुपारी कमरेला खोचलेली होती. श्यामकांतकाका पहिल्या रांगेत बसून जरा हिरमुसल्या चेहऱ्याने बघत होते. त्यांनी नवं सोवळं आणलं होतं.

विनायकनी तिच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. ते एकेक शब्द म्हणत, ती मागून म्हणे. लहानपणापासून पंडितांचं ऐकलेलं, तिची जीभ अडखळत नव्हती. जंबुद्वीप झालं, भरतखंड झालं, दंडकारण्य झालं.

“गोदावर्याः दक्षिणे तीरे,” विनायक म्हणाले.

धनराजी गप्प.

त्यांनी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा गप्प. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. म्हातारी घाबरली, विसरली, बरं वाटत नाही बहुतेक.

“हे काय आहे?” धनराजीने विचारलं. विनायकच्या उपरण्याला माईक लावलेला होता, त्यामुळे तिचा प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला.

“संकल्पात ठिकाण सांगायचं असतं आजी. आपण कुठं बसून हे दान देतोय ते.”

“आपण तर रायस्वाइकमध्ये बसलोय.”

आधी कुणीतरी मागे हसलं, मग सगळेच हसले. विनायकही लाजले. इतकी वर्षं ते या देशात पूजा सांगत होते. उत्रेख्तच्या चौथ्या मजल्यावर, आम्स्टलव्हेनच्या गॅरेजमध्ये, लायडनच्या एका बोटीवरसुद्धा त्यांनी यजमानाला न चुकता गोदावरीच्या काठी बसवलं होतं, आणि आजवर एकाही मराठी माणसाने, त्यांच्यासकट, मान वर करून इकडेतिकडे पाहिलं नव्हतं.

“ती आपली मूळची नदी, म्हणून म्हणतात,” ते म्हणाले.

“मूळचीच म्हणायची असेल तर माझी घ्या. देणारी मी आहे.”

“कुठली?”

“कोरंटाइन.”

“काठ?”

“पूर्वेचा,” धनराजी म्हणाली. “पश्चिमेचा माझ्या नवऱ्याचा.”

विनायकनी डोळे मिटले, क्षणभर मनात जुळवाजुळव केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “कोरंटाइननद्याः पूर्वे तीरे, निकेरीनगरे.” धनराजीने ते त्यांच्याहून मोठ्याने म्हटलं. निकेरीच्या बाजूच्या खुर्च्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांच्या गावाचं नाव अशा ठिकाणी, अशा भाषेत त्यांनी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. मनोहरराव शेजारच्या पाहुण्याला दबक्या आवाजात सांगत होते, “निकेरी. सुरीनाममध्ये आहे. मूळचं गाव त्यांचं.”

मग खोळंबा झाला तो वेगळाच. कन्यादान करणाऱ्याच्या ओंजळीत मुलीचा हात असतो, खाली मुलाचा हात, आणि वरून पाण्याची धार सोडायची असते. ती धार धरायची जोडीदाराने. धनराजीने ईशानच्या हातावर अवनीचा हात धरला होता. तिचे दोन्ही हात गुंतलेले. विनायकनी सवयीने तिच्या शेजारी पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं. सुपारी जोडीदाराच्या जागी बसते खरी, पण झारी उचलत नाही. या गोष्टीचा विचार दोघांनीही केला नव्हता.

सुनेत्राकाकू उठल्या. निकेरीकडच्याही दोघी-तिघी उठल्या, आणि कोणी जायचं म्हणून एकमेकींकडे बघत थबकल्या. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. माईकवरचा शब्द न् शब्द त्या खोलीत ऐकू जात होता. मीनल सरळ मांडवात आली आणि तिने झारी उचलली.

“अगं, वरमाईनं मुलीकडची धार धरायची नसते,” तिच्या जाऊबाईंनी मागून दटावलं.

“सरका जरा,” मीनल म्हणाली. मग ती धनराजीच्या शेजारी, जोडीदाराच्या जागी, गुडघे टेकून बसली. “आजी, हात थोडे पुढे घ्या.”

मीनलने धार सोडली. धनराजीच्या सुरकुतलेल्या बोटांवरून, अवनीच्या मेंदीवरून ती ईशानच्या ओंजळीत आणि तिथून खालच्या ताम्हनात गेली. विनायकनी मंत्र संपवला.

“आता हात सोडा, आजी.”

धनराजीने हात सोडला नाही.

इतके दिवस ती बसायच्या हक्कासाठी भांडली होती. बसून नेमकं काय करायचं असतं, हे जणू तिला आत्ता कळलं. द्यायचं म्हणजे सोडायचं. आणि तिला सोडायचं नव्हतं. चार वर्षांची असल्यापासून हा हात तिने रस्त्यावर, ट्राममध्ये, तलावाच्या काठावर, स्मशानात धरलेला होता. तिला रडू आलं आणि ती सगळ्या हॉलसमोर रडली, चेहरा न लपवता. श्यामकांत-सुनेत्रा बसले असते तर त्यांनी हा हात केव्हाच, हसत हसत, सोडला असता.

विनायकनी घाई केली नाही. मीनल रिकामी झारी धरून तिच्या शेजारी तशीच बसून राहिली. अवनी आजीकडे बघत होती आणि तिनेही हात काढून घेतला नाही.

मग धनराजीने स्वतःच, एकेक करून, बोटं उघडली.